अवजाराचा शोध आणि शोधकाची फसवणूक : शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

शेतीच्या अवजारांत आजवर ज्या सुधारणा झाल्या, त्यांतील पुष्कळशा प्रत्यक्ष शेतात राबणाऱ्या माणसांच्या हातून झालेल्या आहेत. पाभरीचे चाडे, कुळवाचे दिंड, कोळप्याची पास यांची ठेवण मातीप्रमाणे, पिकाप्रमाणे आणि बैलांच्या ताकदीप्रमाणे बदलत आली. ती गावच्या सुताराच्या व लोहाराच्या साहाय्याने शेतकऱ्यानेच बदलली. बैलांची जागा यंत्राने घेतल्यावरही ही परंपरा खंडित झालेली नाही. गुजरातमधील अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी मोटारसायकलीच्या मागील भागी अवजार जोडून कोळपणी व पेरणी करणारे ‘बुलेट सांती’ हे साधन तयार केले आणि त्यास पेटंटही मिळाले. अशी बुद्धी आपल्या गावोगावी आहे.

परंतु शोध लावणे हे एक काम आहे आणि त्या शोधापासून चार पैसे मिळविणे हे अगदी निराळे काम आहे. या दोहोंच्या मधल्या वाटेवर शोधकास गाठणारे काही लोक असतात. ‘तुमच्या कल्पनेचे आम्ही पेटंट काढून देतो, मोठ्या कारखान्यास ती विकून देतो, तुम्ही घरी बसून हिस्सा घ्या,’ असे ते सांगतात. त्यांतील काहीजण प्रामाणिक असतात. काहींचा धंदा मात्र शोध विकण्याचा नसून शोधकाकडून फी उकळण्याचा असतो. हे दोन प्रकार कसे ओळखावेत, हे शेतकऱ्याने आणि त्यास सल्ला देणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

फसवणुकीची रीत

समजा, एका शेतकऱ्याने चालता चालता दोन ओळींतील अंतराप्रमाणे पास कमीजास्त रुंद करता येईल असे कोळपे बनविले. दोन हंगाम ते स्वतःच्या शेतात वापरले. शेजाऱ्यांनी वाखाणले. कोणीतरी त्याचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून इकडे तिकडे पाठविले आणि आठवड्याभरात शहरातून एका गृहस्थाचा निरोप आला.

यापुढील प्रकार बहुधा एकाच क्रमाने घडतो. पहिल्या भेटीत अवजाराची स्तुती होते. ‘दादा, असे कोळपे साऱ्या देशात नाही,’ असे तो म्हणतो. परंतु पास किती खोल जाते, ओल्या काळ्या जमिनीत ती गुंतते काय, बनविण्यास खर्च किती येतो, यांपैकी एकही प्रश्न तो विचारीत नाही. नंतर ‘बाजाराचा अभ्यास’ करण्यासाठी थोडी फी मागितली जाते. काही दिवसांनी गुळगुळीत कागदावर छापलेला जाड अहवाल येतो. त्यात देशातील शेतकऱ्यांची संख्या, यंत्रांच्या बाजाराची उलाढाल अशी मोठमोठी माहिती असते. कोळप्याविषयी मात्र चार ओळीही नसतात. त्याच अहवालात दुसरे नाव घातले तर तो मळणीयंत्रासही चालेल.

अहवाल अनुकूल आला म्हणून दुसरा टप्पा सुचविला जातो आणि येथे रक्कम एकदम वाढते. ‘पेटंट, नमुना, जाहिरात, परदेशातील प्रदर्शन’ असे सर्व मिळून एकच आकडा सांगितला जातो. मुदतही घातली जाते : आठ दिवसांत पैसे भरले नाहीत तर दुसरा कोणी हीच कल्पना नोंदवील. शेतकरी घाबरतो, दावणीची जनावरे विकतो किंवा सोसायटीचे कर्ज या कामी वळवितो. त्यानंतर निरोप कमी कमी येऊ लागतात, काम पाहणारा माणूस बदलतो आणि अखेरीस दूरध्वनी उचलला जात नाही. पुढील पेरणीस बियाण्याला पैसे नाहीत अशी स्थिती होते. शोधाचे नाव काढले तरी घरात वाद होतो आणि चांगले अवजार गोठ्याच्या कोपऱ्यात गंजत पडते.

अमेरिकेतील अनुभव

हा धंदा एका देशापुरता मर्यादित नाही. अमेरिकेत शोधकांची संख्या मोठी असल्याने तेथे तो फार फोफावला आणि त्यावर सरकारला कायदा करावा लागला. तो अनुभव आपल्याकडील शोधकांसही बोधप्रद आहे.

सन १९९९ च्या अमेरिकन कायद्यान्वये शोधांचा प्रसार करून देणाऱ्या संस्थेने करार करण्यापूर्वी शोधकास काही माहिती लेखी देणे बंधनकारक झाले. मागील ५ वर्षांत किती शोध तपासले, त्यांपैकी किती चांगले ठरविले व किती नापसंत केले. किती गिऱ्हाइकांनी करार केले. त्यांपैकी किती जणांस खर्च वजा जाता नफा झाला. किती जणांस संस्थेच्या खटपटीने परवाना करार मिळाला. आणि संस्थेचे चालक मागील १० वर्षांत दुसऱ्या कोणत्या नावाने हाच धंदा करीत होते, ही ती माहिती होय.

कायदा होऊनही फसवणूक थांबली नाही. फ्लॉरिडा राज्यातील ‘वर्ल्ड पेटंट मार्केटिंग’ या कंपनीविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने मार्च २०१७ मध्ये न्यायालयात दावा दाखल केला. पेटंट मिळवून देण्याची व शोध बाजारात आणण्याची आश्वासने देऊन कंपनीने लोकांकडून हजारो डॉलर घेतले, यशाच्या खोट्या कथा सांगितल्या आणि तक्रार करणाऱ्यांस धमकावले, असा आयोगाचा आरोप होता. मे २०१८ मध्ये तडजोड होऊन कंपनीला व तिच्या प्रमुखाला या धंद्यास कायमची बंदी झाली आणि सुमारे २ कोटी ६० लक्ष डॉलरचा हुकूमनामा झाला. परंतु त्यांपैकी प्रत्यक्ष भरावयाची रक्कम १० लक्ष डॉलरहूनही कमी ठरली. उरलेली स्थगित ठेवण्यात आली. तात्पर्य, न्यायालयात जिंकले तरी गेलेला पैसा बहुधा परत येत नाही. म्हणून उपाय पैसे देण्यापूर्वीच केला पाहिजे.

खरी पारख : त्याची कमाई कोठून होते?

अशा मध्यस्थाची पारख करण्यासाठी एकच मूळ प्रश्न पुरेसा आहे : या माणसाचे उत्पन्न कशावर अवलंबून आहे? ज्याला अवजार खपल्यावर पैसा मिळणार आहे, तो अवजारातील दोष आधी शोधील. कारण दोष राहिला तर त्याचेच नुकसान आहे. ज्याचे उत्पन्न शोधकाच्या फीतूनच येते, त्याला अवजार चालो वा न चालो, सारखेच. तो दोष दाखविणार नाही, कारण दोष दाखविला तर फी बुडेल. म्हणून केवळ स्तुती करणाऱ्यापासून सावध राहावे आणि अडचणी सांगणाऱ्याचे ऐकून घ्यावे.

याच कसोटीवर अमेरिकन कायद्यातील प्रश्नही विचारता येतात. ‘आजवर किती शोध आपण नाकारले? किती शोधकांना दिलेल्या फीपेक्षा अधिक पैसा मिळाला? त्यांपैकी आपल्या भागातील दोघांची भेट घालून द्याल काय?’ हे विचारण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. उत्तरे लेखी मागावीत. लेखी उत्तर देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी व्यवहार तेथेच थांबवावा.

पेटंट म्हणजे काय आणि काय नव्हे

फसविणाऱ्याचे मोठे भांडवल म्हणजे पेटंटाविषयीचे अज्ञान. ते दूर झाले की निम्मी फसवणूक आपोआप टळते. पेटंटास कायद्याच्या मराठीत एकस्व म्हणतात. आपल्या देशात याविषयी सन १९७० चा पेटंट कायदा लागू असून पेटंटाची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते. पेटंटामुळे दुसऱ्यास ती वस्तू परवानगीवाचून बनविण्यास व विकण्यास मनाई करता येते. वस्तू खपेलच, अशी हमी त्यातून मिळत नाही.

पुढील गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात.

१. अर्जाचा क्रमांक म्हणजे पेटंट नव्हे. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तेही पेटंट नव्हे. स्वतंत्र विनंती केल्यावर अर्जाची परीक्षा होते आणि ती पार पडल्यावरच पेटंट दिले जाते. मध्यस्थाच्या सांगण्यावरून अवजारावर ‘पेटंट मिळालेले’ असे छापू नये. पेटंट नसता तसे लिहून विक्री करणे कायद्याने दंडनीय आहे.

२. साऱ्या जगास लागू असे एकच पेटंट अस्तित्वात नाही. प्रत्येक देशाचे पेटंट निराळे असते. आंतरराष्ट्रीय करारान्वये एक सामाईक अर्ज करण्याची सोय आहे, परंतु शेवटी पेटंट द्यावयाचे की नाही हे त्या त्या देशाचे कार्यालयच ठरविते. ‘जागतिक पेटंट’ विकणारा मनुष्य अज्ञानी असतो किंवा खोटे बोलत असतो.

३. डिझाइनची नोंदणी म्हणजे पेटंट नव्हे. सन २००० च्या डिझाइन कायद्याखाली वस्तूच्या केवळ बाह्य रूपास संरक्षण मिळते. कोळप्याची पास सरकविण्याची युक्ती तिच्यात येत नाही. काही मध्यस्थ अशी सोपी नोंदणी करून तिचेच प्रमाणपत्र पेटंट म्हणून हाती ठेवतात. प्रमाणपत्र कोणत्या कायद्याखालील आहे, हे वाचून पाहावे.

४. शेतीच्या वा बागाईतीच्या पद्धतीस पेटंट मिळत नाही. लागवडीचे नवे अंतर, पाणी देण्याची नवी पाळी, आंतरपिकाची नवी जोडणी कितीही उपयुक्त असली तरी कायद्याने ती पेटंटाच्या कक्षेबाहेर आहे. परंपरेने चालत आलेल्या ज्ञानासही पेटंट मिळत नाही.

५. बियाणे व वाण यांसही पेटंट मिळत नाही. त्यांच्यासाठी सन २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे. त्याखाली शेतकऱ्यास स्वतः विकसित केलेला वाण नोंदविता येतो आणि त्यासाठी नोंदणी शुल्क द्यावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातून निवडलेले एच.एम.टी. भात अनेक राज्यांत पसरले. त्यांना मात्र आयुष्य हलाखीत काढावे लागले. त्यांनी निवड केली तेव्हा हा कायदा अस्तित्वात नव्हता. आज तो आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा.

घाई आणि गुप्तता

‘उशीर केला तर दुसरा कोणी नोंदवील,’ या भीतीत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती परिणामकारक ठरते. शोध अर्जापूर्वी जाहीर झाला तर त्याचे नवेपण जाते आणि पेटंट मिळण्यास अडचण येते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी अवजाराची रचना वर्तमानपत्रात, जत्रेत, मेळाव्यात किंवा भ्रमणध्वनीवरील चित्रफितीत दाखवू नये. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलेल्या शोधास १२ महिन्यांच्या आत अर्ज करण्याची सवलत आहे. गावच्या जत्रेस किंवा तालुक्याच्या मेळाव्यास ती आपोआप लागू होत नाही.

परंतु या भीतीवर उपाय मध्यस्थाच्या मोठ्या फीत नाही. तो सरकारी कार्यालयात अल्प खर्चात मिळतो. शोध पुरता तयार नसला तरी तात्पुरत्या विवरणासह अर्ज करता येतो. त्यामुळे तारीख पक्की होते आणि संपूर्ण विवरण सादर करण्यास १२ महिन्यांचा अवधी मिळतो. व्यक्तीने स्वतःच्या नावे ऑनलाइन अर्ज केल्यास ३० पृष्ठे व १० दाव्यांपर्यंत सरकारी शुल्क १,६०० रुपये आणि परीक्षेच्या विनंतीचे शुल्क ४,००० रुपये आहे. पेटंट मिळाल्यास ते चालू ठेवण्यासाठी तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे शुल्क द्यावे लागते. विवरण लिहिण्याचा मोबदला पेटंट एजंट निराळा घेतो आणि तो घेणे रास्तही आहे. कारण विवरण ढिले असेल तर पेटंट दुबळे होते. मात्र सरकारी शुल्क किती व स्वतःचे किती, हे त्याने वेगवेगळे लिहून दिले पाहिजे. सर्व मिळून एकच आकडा सांगणाऱ्यास हा हिशेब प्रथम मागावा.

करावयाची कामे, क्रमाने

प्रथम, शोधाची नोंदवही ठेवावी. पाने क्रमांकित असलेल्या वहीत अवजाराची आकृती, मापे, कोणत्या दिवशी कोणता बदल केला व शेतात काय आढळले, हे तारखेसह लिहावे आणि विश्वासू साक्षीदाराची सही घ्यावी. या वहीमुळे पेटंट मिळत नाही. परंतु शोध कोणाचा, असा वाद उद्भवल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

दुसरे, असा शोध पूर्वी झाला आहे काय, ते पाहावे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज व पेटंटे विनामूल्य पाहता येतात. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील किंवा राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांतील अवजारांच्या जाणकारांचे मत घ्यावे. मात्र रचना उघड करण्यापूर्वी ती गुप्त ठेवण्याविषयी लेखी कबुली घ्यावी.

तिसरे, विनामूल्य मदत कोठे मिळते ते आधी विचारावे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणारे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान हे गुजरातमधील गांधीनगर येथे आहे. सन २००० मध्ये स्थापन झालेली ही संस्था खेड्यापाड्यांतील शोधकांच्या कल्पना तपासते आणि योग्य वाटल्यास पेटंटाच्या अर्जास साहाय्य करते. बुलेट सांतीच्या पेटंटामागे हीच संस्था होती.

चौथे, एजंट नोंदणीकृत आहे याची खात्री करावी. पेटंट एजंट होण्यास विज्ञान वा अभियांत्रिकीसारख्या विषयाची पदवी आणि सरकारी परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक असते. नोंदणीकृत एजंटांची यादी पेटंट कार्यालय प्रसिद्ध करते. केवळ ‘सल्लागार’ म्हणविणाऱ्याचे नाव तीत आहे काय, ते पाहावे. महाराष्ट्र व गोव्यातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात.

पाचवे, सही करण्यापूर्वी कागद समजून घ्यावा. अर्जात शोधक व अर्जदार म्हणून कोणाचे नाव आहे, ते स्वतः पाहावे. पेटंटाचा हक्क दुसऱ्यास देण्यासाठी लेखी दस्तऐवज लागतो. म्हणूनच कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या इंग्रजी करारावर केलेली सही घातक ठरते. हक्क कायमचा विकणे आणि काही वर्षांसाठी वापरण्याचा परवाना देणे यांत फार अंतर आहे. करार मराठीत समजावून घ्यावा आणि त्याची प्रत घरी ठेवावी.

सहावे, पैसे टप्प्याटप्प्याने, बँकेमार्फत व पावती घेऊनच द्यावेत. एका टप्प्याचे काम हाती आल्याखेरीज पुढील रक्कम देऊ नये. जमीन, जनावरे किंवा पीककर्ज या कामी गुंतवू नये. शोध खरोखर चांगला असेल तर तो पाचदहा अवजारे बनवून आसपासच्या बाजारात विकूनही कळतो. मात्र अशी विक्री अर्ज केल्यानंतरच करावी.

फसवणूक झाल्यास

फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच पुढील हप्ता थांबवावा आणि करार, पावत्या, पत्रे व संदेश एकत्र करून ठेवावेत. लाजेने गप्प बसू नये. कारण एकाच्या मौनामुळे दुसरा शेतकरी त्याच जाळ्यात सापडतो. पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार करता येते. पैसे ऑनलाइन गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम अडविण्याची शक्यता कमी. सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे सर्वसाधारणपणे २ वर्षांच्या आत दाद मागता येते. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा १९१५ हा क्रमांक आहे. मध्यस्थाने अर्ज केला असल्यास त्याची स्थिती पेटंट कार्यालयाकडून समजून घ्यावी. एखादी मुदत संपत आली असेल तर शोधाचा हक्क तरी वाचविता येतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

शेतकरी आपले नवे अवजार बहुधा प्रथम गावातील कार्यकर्त्यालाच दाखवितो. त्या क्षणी दिलेला सल्ला फार मोलाचा असतो. कार्यकर्त्याने उत्साहाच्या भरात त्याचे छायाचित्र लगेच सर्वत्र पाठवू नये. आधी अर्जाविषयी विचारावे. अवजाराची खोटी स्तुती करू नये आणि थट्टाही करू नये. ते दोनतीन शेतांत, निरनिराळ्या जमिनींत चालवून पाहण्यास सुचवावे. परंतु ही चाचणी मोजक्या विश्वासू माणसांसमोर करावी. शहरातून आलेला करार शेतकऱ्याने पुढे केला, तर सही करण्यापूर्वी आठ दिवस थांबण्याचा आग्रह धरावा. प्रामाणिक मनुष्य आठ दिवस थांबतो. जो थांबत नाही, त्याला कोळप्याची गरज नसून शेतकऱ्याच्या पैशाची गरज आहे, हे ओळखावे.

शोध लावणाऱ्या शेतकऱ्याने मोठ्या लाभाची आशा धरू नये, असे नाही. परंतु बी तपासल्याशिवाय पेरावयाचे नाही, हा शेतीतील नियम त्याने येथेही पाळावा. जो अवजार पारखतो त्याला ते दाखवावे, जो केवळ वाखाणतो त्याच्यापासून दूर राहावे आणि तारीख पक्की केल्यावरच बाजाराकडे वळावे. इतके पथ्य सांभाळले, तर शोधापासून कदाचित अल्पच लाभ होईल. पण घरची पुंजी, शोधाचा हक्क आणि पुढचा शोध लावण्याची उमेद या तिन्ही गोष्टी शाबूत राहतील.